फक्कीचा गोल

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढायची. रांजणगावच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं तयार माल तपासते आहे. माप चुकलं की लाल टॅग, नुसती शंका आली तरी पिवळा. लाइनवरची माणसं माझ्या मागं मला काय नावं ठेवतात ते मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. घरी भाजीत मीठ कमी पडलं आणि मी तोंड वाकडं केलं की नवरा म्हणतो, "लाव टॅग."

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे. आणि तिला टॅग लावायला मी दोन दिवस घेतले.

कंपनीची बस मला केडगावातून पहाटे पाचला उचलते आणि सव्वासहाच्या सुमाराला कारखान्याच्या गेटवर सोडते. शिफ्ट सातची. मधल्या वेळात बाकीच्या बायका कँटीनच्या टेबलावर डोकं टेकून राहिलेली झोप पुरी करतात. मी रस्ता ओलांडून समोरच्या उद्यानात जाते. चांगलं ऐसपैस उद्यान आहे. एक मोठं तळं, एक धाकटं, मागं करंज, कडुनिंब आणि बाभळीची दाट झाडी, आणि तिच्यातून फिरणारी पायवाट. चारी बाजूंनी कारखान्यांची घरघर चोवीस तास चालू असते, पाखरांना तिचं काही वाटत नाही. धाकट्या तळ्यात टिबुकल्या बुड्या मारतात, मोठ्याच्या काठाला शेकाटे लाल काडीसारख्या पायांवर उभे असतात, आणि पलीकडच्या वाळक्या बाभळीवर एक खंड्या असतो, तो मला रोज दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर माझा दिवस बिघडतो आणि मग लाइनचाही बिघडतो.

माझं माहेर खुटबावचं. तिथं लहानपणी पाखरांच्या दोनच जाती होत्या, ज्वारी खाणारी आणि ज्वारी न खाणारी. पहिलीसाठी गोफण, दुसरीकडं कुणी बघायचं नाही. तिशी उलटल्यावर मला कळलं की त्या दुसऱ्या जातीत एवढे प्रकार आहेत, आणि मग मी सुटलेच. पुढं लेकीनं वाढदिवसाला दुर्बीण दिली. वहीत मी पाखरं मालासारखीच लिहिते: वेळ, जागा, नग.

उद्यानाचे राखणदार मामा. माझे कोणी लागत नाहीत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. साठीच्या पुढचे आहेत. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं माळामाळानं फिरण्यात गेलं. आता थोडी शेती आहे आणि ही राखण. पाखरांची पुस्तकातली नावं त्यांना माझ्याहून कमी येतात, पाखरं मात्र माझ्याहून जास्त कळतात. हे वाक्य लिहायला मला जड जातंय, पण खरं आहे.

मागच्या एप्रिलात मोठ्या तळ्याच्या बांधाखाली, मुरमाड उंचवट्यावर टिटवीनं घर केलं. घर म्हणजे काहीच नाही. उथळ खळगा, कडेला चार खडे, आणि आत चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, टोकं आतल्या बाजूला करून मांडलेली. दोन पावलांवर उभी राहून मी ती दोनदा हरवली. मामा मात्र खूश झाले.

"औंदा उंचावर घातलीत," ते म्हणाले. "आन् चार हायती. चार म्हैने पाऊस, बगा तुम्ही."

मी हसले. अंड्यांवरून पाऊस मोजायचा असेल तर हवामान खात्यानं कोंबड्या पाळाव्यात, असंही काहीतरी बोलले. मामांनी मनाला लावून घेतलं नाही.

पण त्या चार अंड्यांत माझा जीव अडकला होता, आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी तिथून जवळच टिटवीचं घरटं झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरखाली गेलं. चाकाच्या खाचेत चिकटलेली टरफलं मी पाहिली होती. टँकरवाल्याला बोलायला काही जागा नव्हती, त्याला दिसलंच नसणार. तेव्हाच मी ठरवलं होतं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. अंडी सव्वीस ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, असं वाचलं होतं. शेवटचं अंडं घातलं त्या दिवसापासून मी वहीत मोजायला लागले.

मामांनी त्यांच्या पद्धतीनं बंदोबस्त केला. बाभळीचा वाळलेला काटेरी फांटा आणला आणि घरट्याच्या कडेला, वाऱ्यानं येऊन पडावा तसा टाकून दिला.

"माळावर आम्ही आसंच करायचो," ते म्हणाले. "काट्यावर मेंढरू पाय देत न्हाई, माणूस देत न्हाई. आन् हितं काय हाय ते कुणाला कळतबी न्हाई."

मला ते पटेना. "मामा, तुमच्या फांट्याला टँकर भिणार आहे का? खूण अशी पाहिजे की लांबून दिसली पाहिजे."

"न्हाई ताई. टिटवीच्या घराला खूण करू नये. खूण म्हंजी बोलावणं."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण मी शहाणी कुठली, मी तर इन्स्पेक्टर. कारखान्यात क्रीडादिनाला कबड्डीचं मैदान आखून अर्धी गोणी पांढरी फक्की उरली होती. चोविसाव्या दिवशी, मामा पलीकडं पंपापाशी असताना, मी पिशवीभर फक्की घेऊन गेले. फांटा रेघेच्या मधे येत होता, तो उचलून लांब भिरकावला. मग घरट्याभोवती दीड हात अंतर ठेवून फक्कीचा गोल आखला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, मी तिला "थांब गं बाई, तुझ्यासाठीच चाललंय" म्हणत होते. गोल असा झाला की कंपास लावून काढावा. बांधावर चढून पाहिलं, लांबून ठळक दिसत होता. मला फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, आणि मामांनाही.

सव्विसाव्या दिवशी बस न्हावऱ्याच्या पुढं पंक्चर झाली. गेटवर पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. उद्यानाकडं मान वळवायलाही वेळ नव्हता, सरळ लाइनवर गेले. दीडच्या गाडीचा माल होता आणि दोन लॉट माझ्या सहीसाठी थांबले होते. त्यातल्या पहिल्यात मला एक माप खटकत होतं.

साडेनऊला चहाची सुट्टी झाली. आमचं कँटीन पहिल्या मजल्यावर आहे, बाहेर गच्ची आहे, आणि गच्चीवरून रस्त्यापलीकडचं तळं आणि बांध सरळ दिसतो. चहाचा कप घेऊन मी कठड्याशी गेले आणि माझा गोल शोधला. सापडला. त्याच्या अलीकडं दुसरा दिसला. मग तिसरा, चौथा. बांधाच्या पायथ्यानं पांढऱ्या गोलांची अख्खी ओळ होती, आणि ओळीच्या या टोकाला पिवळा जेसीबी उभा राहून खोदत होता.

पावसाळी लागवडीचे खड्डे घ्यायला ठेकेदार आला होता. सुट्टीच्या दिवशी त्याच्या मुकादमानं येऊन जागा आखल्या होत्या. फक्कीनं. दुसऱ्या कशानं आखणार?

आमच्याकडं कुणालाही विचारा. विहीर असो, विजेचा खांब असो, घराचा पाया असो, जिथं फक्की तिथं खोदायचं. केडगावात आमच्या घराचा पाया आखला तेव्हा फक्कीचं घमेलं धरून मीच उभी होते. आणि त्या टिटवीभोवती गोल काढताना हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. अंडी वाचावीत म्हणून मी त्यांच्यावर खड्ड्याची खूण केली होती. 

राहिलेले गोल मोजले. माझा धरून नऊ. एका खड्ड्याला दोन मिनिटं, मशीन पुढं घ्यायला एक. म्हणजे चोवीस मिनिटांत तो माझ्या गोलावर येणार.

मोबाइल खाली लॉकरमध्ये, लाइनवर न्यायची परवानगी नाही. जिना उतरून लॉकर उघडलं, मामांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. फोन त्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असणार आणि मामा कुठंतरी झाडीत. पाच मिनिटं तिथंच गेली.

गेटपास शिफ्टच्या साहेबांच्या सहीशिवाय मिळत नाही. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही.

"साहेब, अर्ध्या तासाचा पास द्या."

"काय झालं? घरी काही?"

"समोर टिटवीची अंडी आहेत. त्यांच्यावर जेसीबी चाललाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. पुढं काहीतरी खरं कारण येईल, असं त्यांना वाटत असावं. मग म्हणाले, "मॅडम, दीडची गाडी आहे. तुमच्याकडं दोन लॉट अडकलेत. तेवढे मोकळे करा आणि खुशाल जा."

दोन लॉट मोजायचे म्हणजे चाळीस मिनिटं. न मोजता सही केली असती तर दोन मिनिटं. अकरा वर्षांत मी तसं एकदाही केलेलं नव्हतं, आणि त्या वेळी करावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते. पेन काढलं होतं. पण ते खटकलेलं माप डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी दोन्ही लॉटला पिवळा टॅग लावला, पेन खिशाला अडकवलं आणि चालू पडले. साहेब मागून "अहो मॅडम, मॅडम" करत राहिले.

गेटवरचा माणूस म्हणाला, "ताई, पास?"

"नाही."

"मग मला लिव्हावं लागंल."

"लिहा."

लोखंडी टोकाच्या सेफ्टी शूजमध्ये कधी पळून बघा. पंचेचाळिशीची बाई, निळा कोट, डोक्यावर जाळीची टोपी, आणि रस्त्यावर एकामागं एक कंटेनर. दोन कंटेनर जाईपर्यंत मी जागच्या जागी पाय आपटत उभी होते. उद्यानाच्या फाटकातून आत शिरले तेव्हा पाखरू दिसायच्या आधी ओरडणं ऐकू आलं. टिटवी एरवीही ओरडते, पण हे वेगळं होतं, मधे श्वास घ्यायला जागाच नव्हती.

बांधाला वळसा घालून पोचले तेव्हा माझा गोल तेवढा राहिला होता. जेसीबी त्याच्यासमोर उभा होता, बकेट वर उचललेली, आणि बकेटखाली जमिनीवर टिटवी. दोन्ही पंख पसरून, छाती पुढं काढून उभी. मेंढरू आलं, बैल आला की टिटवी अशीच आडवी उभी राहते आणि जनावर बाजूनं निघून जातं, असं मामांनी मला सांगितलं होतं. मशीन कुठं बाजूनं जाणार?

"रुको! भैया, रुको!" मी दोन्ही हात वर करून पुढं गेले.

चालक बिहारकडचा होता. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "हटिए मॅडम! चिड़िया पागल है, हट नहीं रही."

"यहाँ नहीं खोदना!"

"मार्किंग है ना. मुकादम बोला है, जहाँ गोल है वहाँ गड्ढा."

"ये गोल मेरा है!"

त्याला काही समजलं नाही, पण बकेट तिथंच थांबली. इंजिन चालूच होतं. मला त्याचा भरवसा वाटेना. हा चहाला उतरला आणि मुकादमानं दुसऱ्याला बसवलं तर? हा विसरला तर? गोलच राहता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. मी बुटानं गोल पुसायला लागले. फक्की मुरमात बसली होती, नुसती निघेना, मी टाचेनं खरवडत, माती ओढत गोल गोल फिरत होते. टिटवी उडाली आणि माझ्या डोक्यावर झेपा टाकायला लागली. एका हातानं तिला अडवत होते, दुसऱ्यानं चालकाला थांब म्हणत होते. अंडी कुठं आहेत हे मला पाठ होतं. केसाएवढा ओरखडा शोधणारी माझी नजर. पण गोल पुसत गेला तसा त्याचा मध्य कुठं होता तेही पुसत गेलं.

आवाज आला नाही, इंजिन चालू होतं. पायाला कळलं. वाळकं ढेकूळ दबावं तसं टाचेखाली काहीतरी दबलं.

पाय उचलला. आत बलक नव्हता. सव्विसावा दिवस होता, पिल्लू तयार झालेलं होतं. चोच होती, ओली पिसं होती.

मला रडू आलं नाही. मला ते लपवावंसं वाटलं. चालकाकडं पाठ करून मी बुटाच्या टोकानं त्याच्यावर मुरूम ओढला. इतरांनी बाद माल चांगल्या मालाखाली सरकवला की मी कशी तुटून पडते ते आमच्या लाइनला विचारा. आणि मी काय केलं?

चालकानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून लांबूनच पाहिलं. उरलेली तीन त्याला दिसली. "अंडे हैं क्या? पहले बोलना था ना, मॅडम." मग काही न विचारता मशीन मागं घेऊन ते झाडीच्या बाजूला नेलं. एवढा साधा माणूस होता. गोल पुसायच्या आधी नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं.

तेवढ्यात मामा पळत आले. धाकट्या तळ्याच्या पंपापाशी होते, टिटवीचं ओरडणं ऐकून निघाले होते. त्यांनी पुसलेला गोल पाहिला, खळगा पाहिला, वाकून मोजलं.

"तीनच?"

मामांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, मग तळ्याकडं बघत म्हणाले, "मुंगूस आसंल. झाडीत लई हायती. सकाळच्या पारी एक नेलं आसंल."

मी म्हणाले, "असेल."

एवढाच शब्द. गेटपास न घेता बाहेर पडताना मी घाबरले नव्हते, घाबरले ती हे बोलताना. मी भिरकावलेला फांटा मामा शोधून घेऊन आले आणि होता तिथं परत टाकला. तो पहिल्यापासून तिथंच असता तर माझाही पाय थांबला असता.

कारखान्यात मेमो मिळाला. काम सोडून जाण्याचं कारण लिहा. मी लिहिलं, "वैयक्तिक." लाइनवर कुणी असं मोघम कारण लिहिलं की मी कागद परत पाठवते. पहिल्या लॉटचं माप खरंच चुकलेलं निघालं, म्हणून साहेबांनी पुढं ताणलं नाही. त्याचंही मला बरं वाटलं नाही.

आणि मग कौतुक सुरू झालं. मामांनी सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं की ताई जेसीबीला आडव्या झाल्या. ते रस्ता ओलांडून आमच्या कँटीनपर्यंत आलं. वाढणाऱ्या मावशींनी मला न मागता दुसरी चपाती वाढली. माझ्या मागं नावं ठेवणारी माणसं समोर येऊन "भारी काम केलं मॅडम" म्हणाली. लेकीनं माझा दुर्बीण घेतलेला फोटो स्टेटसला ठेवला. चोराच्या मनात चांदणं, कुणी खाली पाहिलं की मला वाटायचं ते माझे बूटच बघताहेत. बूट मी त्या संध्याकाळी नळाखाली दगडावर घासून धुतले होते. दुसऱ्या दिवशी परत धुतले. सकाळी उद्यानात गेले नाही, कँटीनमध्ये बाकीच्यांसारखं डोकं टेकून बसले. झोप आली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी बसमधून उतरले तर मामा रस्त्याच्या अलीकडं येऊन माझी वाट बघत उभे होते. "चला, चला. भायेर पडली."

बांधावर उभं राहून मी दुर्बीण लावली. तासा-दोन तासांपूर्वीची पिल्लं, कापसाच्या बोंडाला काड्या लावल्यासारखी, मुरमावरून पाण्याकडं निघाली होती. मी मोजली. तीन. परत मोजली, सवयच आहे. मागून फिरायला आलेले दोन म्हातारे थांबले, तर मामा त्यांना सांगत होते, "ह्याच त्या ताई. ह्यांनीच वाचिवली. तीन हायती. औंदा तीन म्हैने पाऊस."

ते दोघं मला नमस्कार करून पुढं गेले आणि मला पुढं सहन झालं नाही.

"मामा, मुंगसानं नेलं नाही. चौथं माझ्या पायाखाली गेलं. फक्की पुसताना."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. तुमच्या बुटाला वलं पीस व्हतं."

"मग मुंगूस कशाला म्हणालात?"

"तुमचं त्वांड बगवंना," मामा म्हणाले. "कुणाच्या तरी नावावर घालायला पायजे व्हतं."

आता मात्र मला रडू आलं. दोन दिवसांचं साठलेलं होतं. कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं: टिटवी, पिल्लं तीन, चौथं माझ्या चुकीनं गेलं. खाली सही केली. मामा वाचता येत असूनही दुसरीकडं बघत होते.

बांधावर त्या वेळी चांगली पाच-सहा माणसं होती. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. तो जेसीबीवाला पाण्याचा कॅन घेऊन पिल्लांच्या अगदी जवळून गेला. टिटवीनं त्यांतल्या कुणाकडं पाहिलं नाही. ती पिल्लांपासून उठली, सरळ माझ्यावर आली, टोपीला वारा लागेल इतक्या खालून गेली, आणि ओरडत फिरून परत आली.

मामांनी माझा दंड धरला आणि मला बांधावरून खाली ओढलं.

"चला ताई," ते म्हणाले. "तिला मातुर मुंगूस सांगून चालायचं न्हाई."